उसनी शोभा

बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासकीय अंमल होता. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनी तो संपविला आणि लोकांनी निवडलेले सभासद पुन्हा सभागृहात आले. ही गोष्ट इष्टच झाली. नव्या सभासदांपुढे जी कामे येतात त्यांत पाणी, रस्ते, गटारे यांच्या पंक्तीला हल्ली एक शब्द हमखास येऊन बसतो. तो शब्द म्हणजे सुशोभीकरण. चौकाचे सुशोभीकरण, नदीकाठाचे सुशोभीकरण, कालव्याचे सुशोभीकरण; एवढेच काय, स्मशानभूमीचेही सुशोभीकरण! या शब्दाला विरोध करणे कठीण, कारण आपले गाव कुरूप असावे असे कोण म्हणेल? परंतु ज्या शब्दाला कोणीच विरोध करीत नाही, त्याच्या आडून काय काय मंजूर होते इकडे कोणी तरी लक्ष द्यावयास हवे. म्हणून हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

उद्यान, शिल्प, कारंजे ही सारी पोट भरलेल्यांची चैन आहे असे समजणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्याच्याशी आम्ही सहमत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ साली जी बारावी अनुसूची घटनेस जोडली, तीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा, आरोग्य व अग्निशमन यांच्या बरोबरीने तीत उद्याने आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख असून, त्यालाच लागून सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचाही निर्देश आहे. श्रीमंताला स्वतःची बाग लावता येते. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाचे अंगण म्हणजे सार्वजनिक बागच होय. तेव्हा नगरपरिषदेने या कामी पैसा खर्च करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो कोणत्या समजुतीने खर्च व्हावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बारामतीच्या बाबतीत तर न्यायाने बोलावयाचे झाल्यास कौतुकाचे चार शब्द आधी लिहिले पाहिजेत. शहरातून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचा काठ बांधून काढून तेथे फिरावयास वाट करण्यात आली आहे. कालव्याजवळचा तीन हत्ती चौक हा तर गावाचा पत्ताच होऊन बसला आहे. परगावच्या पाहुण्याला वाट सांगताना बारामतीकर त्या हत्तींचे नाव घेतो, आणि एखादे शिल्प लोकांच्या बोलण्यात असे रुळणे हे त्याचे मोठेच यश समजावयास हवे. आसपासच्या अनेक तालुक्यांची गावे बारामतीकडे पाहून आपापल्या योजना आखतात. म्हणूनच बारामतीने काय करावे हा प्रश्न केवळ बारामतीचा राहत नाही. इंदापूरने बारामतीचे अनुकरण करावयाचे, बारामतीने पुण्याचे, पुण्याने अहमदाबादचे आणि अहमदाबादने आणखी कोणाचे, अशी ही साखळी वाढत जाते.

आमच्या मते सगळ्या दोषाचे मूळ या साखळीत आहे. शाळेच्या वर्गात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना शेजाऱ्याच्या पाटीवरून गणित उतरविणारा मुलगा चांगला ठाऊक असतो. त्याचे उत्तर पुष्कळदा बरोबरही येते. पण गणित निराळे आहे हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. गावाची शोभा ही त्या गावच्या पाण्याची, मातीची आणि आठवणींची ओळख करून घेतल्यावाचून साधत नाही. दुसरीकडून उचलून आणलेली शोभा फार दिवस टिकत नाही. ती पुराच्या पाण्यात वाहून जाते, उन्हात करपते किंवा वाऱ्याने कोसळते. यांतील प्रत्येकाचे उदाहरण महाराष्ट्रात घडलेले आहे आणि ती उदाहरणे जुनीही नाहीत.

प्रथम पाण्याचा विचार करू. कऱ्हा ही बारामतीची नदी. पुरंदरच्या डोंगरात उगम पावून, जेजुरी आणि मोरगावच्या परिसरातून ती बारामतीस येते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात पाणी थोडे आणि वाळू, दगड, झुडपेच अधिक असतात. अशा नदीकडे पाहून नियोजन करणाऱ्याला मोह पडतो. एवढी जागा उगाच रिकामी का राहावी, दोन्ही बाजूंस भिंत घालून पात्र सरळ केले आणि वर फरशी व दिवे लावले तर गावाला केवढी शोभा येईल, असे त्याला वाटते. परंतु २०१९ च्या सप्टेंबरातील ती रात्र बारामतीकर विसरले नसतील. पुरंदर तालुक्यात पाऊस कोसळला, जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून मोठा विसर्ग करावा लागला आणि एरवी गुडघाभर पाणीही नसलेल्या कऱ्हेने काठच्या वस्त्यांना घरे सोडावयास लावली. हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. पुढे २०२५ च्या मे महिन्यात, म्हणजे ज्या दिवसांत या भागात टँकरची वाट पाहिली जाते त्या दिवसांत, असा पाऊस झाला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला आणि बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत पाणी शेतांत आणि घरांत शिरले.

या दोन प्रसंगांचा धडा एकच आहे. दुष्काळी मुलखातील नदी नेहमी कोरडी दिसते म्हणून ती मेलेली नसते. पात्रातील मोकळी जागा ही रिकामी जागा नसून पुराची राखीव जागा आहे. आपल्या राज्यात नदीच्या दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत इमारती बांधावयाच्या नसतात. बाग, क्रीडांगण, शेती असे मोकळे उपयोग मात्र करता येतात. म्हणजे उद्यानरचनाकाराला खरे काम येथेच आहे. पूर आला की निमूटपणे पाण्याखाली जाईल आणि ओसरला की दोन दिवसांत पुन्हा माणसांसाठी मोकळी होईल, अशी बाग कऱ्हेकाठी हवी. तेथे उंच भिंत नको. उतरते घाट हवेत, खोल मुळांची झाडे हवीत, पाणी जिरू देणारी कच्ची वाट हवी. अहमदाबादेत साबरमतीचे पात्र आखून घेतले गेले आणि नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडून ते भरलेले ठेवले जाते. ते योग्य की अयोग्य याचा निवाडा अहमदाबादकर करोत. कऱ्हेपाशी तसे भरून ठेवावयास पाणी नाही आणि आखून घेण्याइतकी तिची वृत्ती शांत नाही, हे सांगावयास मात्र फार विद्वत्ता लागत नाही.

आता उन्हाचा विचार. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, तोही एका वर्षी धो धो तर दुसऱ्या वर्षी दडी मारून बसणारा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले आणि त्यानंतर १८८५ च्या सुमारास भाटघरच्या पाण्यावरचा नीरा डावा कालवा या मुलखात आला. या तालुक्यांची बागायत, ऊस, बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये यांच्या मुळाशी हे पाणी आहे. त्याचा थेंबन् थेंब मोजून, पाळी लावून घेतला जातो आणि आवर्तन लांबले की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. याच कालव्याच्या अस्तरीकरणाला अलीकडे शेतकऱ्यांनी विरोध केला, तो पाझर बंद होऊन काठच्या विहिरी आटतील या भयाने. ज्या तालुक्यात कालव्याच्या पाझराचाही हिशेब शेतकरी मांडतो, त्या तालुक्याच्या शहरात परदेशी हिरवळीचे गालिचे अंथरून त्यांवर भर उन्हाळ्यात दररोज पाणी शिंपडणे शोभते काय? आणि त्या हिरवळीवर पाटी असते, ‘आत जाऊ नये’! पाणी पिणारी, सावली न देणारी आणि पाय ठेवू न देणारी अशी ही शोभा नेमकी कोणासाठी?

झाडांची तीच गोष्ट. लवकर वाढते, हिरवे राहते, जनावर तोंड लावीत नाही, म्हणून कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड गेल्या काही वर्षांत देशातील अनेक शहरांनी रांगांनी लावले. त्याचे परागकण त्रासदायक आणि मुळे नळ-गटारांना घातक, असे आढळल्यावर गुजरात सरकारने २०२३ साली त्यावर बंदी घातली. म्हणजे आधी लावण्याचा खर्च आणि मग काढण्याचा! उलट कडुनिंब, पिंपळ, वड, चिंच, करंज, बहावा, पांगारा, काटेसावर, शमी, आपटा ही आपली मंडळी या उन्हात पिढ्यानपिढ्या उभी आहेत. पळस तर भर उन्हाळ्याच्या तोंडाशी, सारे रान करपू लागते तेव्हा, फुलतो. बारामतीच्या एखाद्या रस्त्यावर दुतर्फा बहावा आणि पळस लावले तर त्या शोभेसाठी कोणतेही कारंजे खर्चावे लागणार नाही.

किंबहुना या दोन तालुक्यांची खरी नैसर्गिक शोभा म्हणजे माळरान, हे आपण विसरलो आहोत. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथे चिंकारा नांदतो. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील गवताळ माळ दाखविण्यासाठी वन विभागाने २०२४ साली सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, ससाणे पाहावयास माणसे शहरांतून येऊ लागली. जे रान आपल्या सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लिहिले गेले, ते पाहण्यासाठी लोक तिकीट काढतात, यावरून काही बोध घ्यावयास नको काय? मारवेल, पवन्या, कुसळी ही आपली गवते पावसात हिरवी होतात, दिवाळीनंतर सोनेरी होतात आणि उन्हाळ्यात पाणी मागत नाहीत. शहराच्या बागेचा एक कोपरा या गवतांसाठी राखला, तर मुलांना आपल्या मुलखाची ऋतुचक्रे पाठ्यपुस्तकावाचून कळतील. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले. एके काळी तेथे सहलींची रीघ लागे. पुढे देखभालीअभावी त्याची जी दुरवस्था झाली ती पाहून हळहळलेले मराठवाड्यातील वाचक आजही भेटतात. नवी बाग उभारण्यास एक समारंभ पुरतो, पण राखण्यास रोजचा माळी लागतो. आपल्या अंदाजपत्रकांत समारंभाची तरतूद सापडते, माळ्याची शोधावी लागते.

तिसरा विचार वाऱ्याचा, म्हणजे पुतळ्यांचा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. महाराष्ट्राची मान त्या दिवशी खाली गेली. त्या जागी पुढे २०२५ साली नवा पुतळा उभा राहिला, तरी झाला तो अपमान पुसता येत नाही. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी तो घडविला आणि १९२८ साली त्याचे अनावरण झाले. जवळजवळ शंभर पावसाळे त्याने झेलले आहेत. दोहोंत फरक भक्तीचा खचित नव्हता. भक्ती दोन्हीकडे होती. एकीकडे शिल्पाला लागणारा वेळ दिला गेला आणि दुसरीकडे तारीख आधी ठरली, असेच म्हणावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ व लोकोपयोगी जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिला. राज्य सरकारचेही नियम आहेत. त्यांनुसार पुतळ्याच्या मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. असे असूनही थोर पुरुषाचे नाव निघाले की चौक आणि चौथरा यांपलीकडे आपली कल्पना धावत नाही. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आला आणि १७९४ साली निवर्तेपर्यंत येथेच राहिला. कऱ्हेकाठी नाईकांचा वाडा आजही उभा आहे. महाराष्ट्राने आर्यावृत्त म्हटले की ज्याचे नाव घ्यावे तो हा कवी. त्याचे स्मरण कसे करावे? त्याचा चेहरा आपण कल्पनेने घडवू. पण त्याचे शब्द तर अस्सल आपल्यापाशी आहेत. कऱ्हेच्या घाटाच्या पायऱ्यांवर काळ्या दगडात त्याच्या आर्या कोरल्या, शेजारी कडुनिंबाच्या पारावर बसावयास जागा केली, तर शाळेतील पोरे जाता-येता त्या वाचतील. नदीला पूर आला तर आर्या चार दिवस पाण्याखाली जातील आणि धुऊन निघतील. त्यांचे काही बिघडणार नाही.

इंदापूरची गोष्ट याहून नाजूक आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले हे इंदापूरच्या रणभूमीवर कामी आले. तेथील त्यांच्या गढीच्या संवर्धनाचा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला आहे आणि तो यावयासच हवा होता. मात्र जतन करणे आणि नवे करून टाकणे यांतील भेद सुटू नये. जुन्या मातीच्या बुरुजाला सिमेंटचा गिलावा आणि वर रंगीत दिव्यांच्या माळा, हा प्रकार आपण अनेक किल्ल्यांच्या पायथ्याशी पाहिला आहे. गढीची पडकी भिंतदेखील इतिहासाचा पुरावा असते. तिला नवी करताना आपण साक्षीदाराचीच जबानी बदलत असतो. पुरातत्त्वाचा जाणकार आधी आणि ठेकेदार नंतर, हा क्रम इंदापुरात पाळला जावा.

इंदापूरला आणखी एक धन लाभले आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याखाली काठची गावे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे पुरातन मंदिर त्या पाण्यात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक मोठ्या ओढीने दर्शनास व पाहावयास जातात. त्याच जलाशयाच्या काठी भिगवण-कुंभारगावच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या शोभेची निविदा कोणी काढली नव्हती. ती ज्यांच्या घरादारांच्या मोलाने आली, त्या विस्थापितांची आठवण सांगणारे एखादे साधे शिल्प त्या काठावर असावे, बुडालेल्या गावांची नावे दगडावर असावीत, एवढे मात्र आम्हांस वाटते. पर्यटकासाठी ‘आय लव्ह’ अशी प्रकाशमान अक्षरे उभारण्यापेक्षा ते अधिक माणुसकीचे होईल.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण नगरपरिषदेचा कारभार निविदेवर चालतो आणि निविदेत सर्वांत कमी दराला काम द्यावे लागते. गटाराचे पाइप त्या रीतीने घेता येतील. शिल्प आणि उद्यान यांची कल्पना त्या रीतीने घेता येत नाही. घेतली की एकाच साच्यातले डॉल्फिन आणि फायबरची हरणे गावोगाव दिसू लागतात. कल्पनेसाठी स्पर्धा आणि बांधकामासाठी निविदा, अशी दोन पावले वेगळी ठेवण्यास कोणी अडविलेले नाही. मुंबईत १८५७ पासून चालत आलेले जे. जे. कलाविद्यालय आहे, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण शिल्पकारांना आपल्याच जिल्ह्यात काम मिळू नये, हे आपल्याला भूषणावह नाही.

म्हणून दोन्ही नगरपरिषदांच्या नव्या सभासदांपुढे आम्ही थोड्याच मागण्या ठेवतो. नदीकाठच्या प्रत्येक कामाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा ठळक दाखवावी आणि तो नकाशा मंजुरीपूर्वी निदान एक महिना नगरपरिषदेच्या कार्यालयात व शाळांतून लोकांना पाहावयास लावावा. प्रत्येक बागेच्या खर्चाबरोबर तिला लागणारे रोजचे पाणी आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद लिहावी. ती नसेल तर बाग मंजूर करू नये. नवी लागवड या मुलखातील झाडांची व गवतांची करावी. शिल्प किंवा स्मारक यांसाठी जाणकारांचे छोटे मंडळ असावे, त्यात इतिहासाचा अभ्यासक आणि कलाशिक्षक असावेत, आणि अनावरणाची तारीख काम पुरे झाल्यावरच ठरवावी. या मागण्यांना फारसा पैसा लागत नाही. थोडा धीर आणि थोडी लाज एवढे पुरे आहे.

नागरिकांनाही आमचे एक सांगणे आहे. सुशोभीकरणाचा फलक लागला की त्यावरील नावे वाचून आपण पुढे जातो. यापुढे तेथे उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात: पुराच्या दिवशी येथे काय होईल? मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता येथे सावली असेल काय? आणि आमची नातवंडे येथे येतील तेव्हा हे उभे असेल काय? या तिन्हींची सरळ उत्तरे ज्या कामाला देता येतील, त्या कामाच्या पाठीशी सर्वांनी उभे राहावे. ज्याला देता येणार नाहीत, त्याची फीत कोणाच्याही हस्ते कापली जावो, त्या समारंभाला गर्दी करण्याचे आपल्याला कारण नाही.